बैलगाडा शर्यत: परंपरा आहे म्हणून बैलाचे हाल चालतील का?

रानवाट: 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. बैलाचं शरीर घोड्यासारखं पळायला घडलेलं नाही, हा त्यातला एक मुद्दा. पुढे राज्याने कायदा बदलला आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो वैध ठरवला. कायद्याचं उत्तर मिळालं, माझ्या मनाला अजून मिळालेलं नाही. गेल्या हंगामात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, अगदी कडेला उभा होतो. जुंपताना एका खोंडाची शेपटी पिळली, तसा तो अंग चोरून मागे सरला, तोंडाला फेस, डोळे पांढरे. आजूबाजूला गुलाल आणि आरडाओरडा. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. परंपरा आहे, एवढं कारण पुरतं का?

खिल्लारवाला: शेपटी पिळणं कायद्यानेही गुन्हाच आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण आमच्या दावणीला खिल्लार जातीचे दोन बैल आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून शेतात बैलाला काम उरलं नाही. बंदीच्या काळात गोऱ्हा झाला की घरात कुणाचा चेहरा खुलायचा नाही, बाजारात कुणी विचारायचं नाही. शर्यती सुरू झाल्या आणि त्याच गोऱ्ह्याला दूध, अंडी सुरू झाली. शर्यत गेली तर आधी खिल्लार जाईल.

सईबाई: म्हणजे जगवण्याची किंमत म्हणून पळवायचं? बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग धरायचे. उच्च न्यायालयाने ते थांबवलं, लोक प्रतिमा पुजू लागले. सण आजही होतो.

माळरान: पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबद्दल कुणी धागा काढत नाही. शेतकऱ्याचा बैल तेवढा दिसतो.

रानवाट: माळरान, तेही वाईटच, पण त्याने हे बरं ठरत नाही. खिल्लारवाला, तुमचं पटतं, वंश टिकलाच पाहिजे. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण जुवाने घट्टे पडलेला तोच खांदा हळद-तुपाने चोळतो, दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपत नाही. तीही आपलीच परंपरा. घाटात उतरताना ती घरी का ठेवायची?

खिल्लारवाला: खांदेमळणी माझी आई करते, बैलाशी बोलत बोलत. तिने आजवर एकही शर्यत पाहिलेली नाही, कधी यायलाच तयार होत नाही. याचा मी आजपर्यंत विचार केला नव्हता. तरी शर्यत बंद करा असं मी म्हणणार नाही. पराणी (टोचायची काठी) किंवा आसूड दिसला की गाडा जागीच बाद करा आणि मालकाला वर्षभर घाटात उभं करू नका. आमच्या गावच्या कमिटीपुढे हे मी मांडणार आहे.