नीतिमान ‘झाली’ की नीतिमान ‘ठरली’?

वेंगुर्ल्याची_लेक:
मोठी आत्या गेल्या महिन्यात वारली. तिच्या स्मरणसभेची चार पानी पत्रिका छापायची आहे. मजकूर भावाने इंग्रजीत पाठवला, मराठी मी करते आहे. एका वाक्यावरून घरात दोन तट पडलेत. मी लिहिलं होतं, ‘देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे ती नीतिमान झाली.’ (बायबलच्या भाषेत नीतिमान म्हणजे देवासमोर योग्य.) काका म्हणतात, ‘झाली’ खोड आणि ‘ठरली’ लिही. माझ्या कानाला लग्न ठरतं, भाव ठरतो. आत्याच्या आयुष्याबद्दल ‘ठरली’ वाचलं की बाहेरून कुणी शिक्का मारल्यासारखं वाटतं. शनिवारी छपाईला द्यायचं आहे. काय ठेवू?

खाडीपलीकडे:
काकांचं ऐका. तो शिक्का बाहेरूनच आहे, आणि ख्रिस्ताचा प्रेषित पौल याला तेच म्हणायचं आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्रात त्याने वापरलेलं ग्रीक क्रियापद न्यायालयातलं आहे. आपल्या पेपरात रोज ‘दोषी ठरवले’, ‘निर्दोष ठरवले’ छापून येतं. त्या क्षणी आरोपीचा स्वभाव बदलत नाही, त्याच्याबद्दलचा निकाल बदलतो. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात १५व्या अध्यायात अब्रामाने विश्वास ठेवला, तो त्याचं नीतिमत्त्व असा ‘गणला’ गेला. गणणे हासुद्धा हिशेबातलाच शब्द. ‘झाली’ लिहिलंत की आत्यांनी स्वतःच्या बळावर काहीतरी मिळवलं, असा अर्थ निघतो.

वसईचा_वाडवळ:
तसा अर्थ निघत नाही. ‘झाली’च्या आधी ‘देवाच्या कृपेने’ आहे ना? पाऊस पडला आणि शेत हिरवं झालं म्हटलं, तर शेताने स्वतःला हिरवं केलं असं कुणी समजत नाही. आम्हा कॅथलिकांकडे १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हेच मांडलं: देव पापांची क्षमा करतो आणि माणसाला आतून नवाही करतो. म्हणून मला ‘झाली’ मनापासून पटतं. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन (धर्मसुधारक ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) यांनी याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात क्षमा आणि आतला बदल एकमेकांपासून तोडलेले नाहीत. कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं ‘झाली’ की ‘ठरली’ हे चारशे वर्षांचं भांडण तुमच्या एका क्रियापदात येऊन बसलंय, ताई.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी:
क्रियापदाचं नंतर बघू. मला मुळात ‘नीतिमान’च खटकतो. आजच्या मराठीत नीतिमान म्हणजे लाच न घेणारा, व्यसन नसलेला माणूस. सभेला शेजारपाजारची हिंदू मंडळीही येणार असतील, ती आत्यांच्या सदाचाराचं कौतुक म्हणूनच ते वाचतील. हिंदी बायबलात ‘धर्मी’ आहे. आपण ‘पुण्यवान’ का लिहू नये?

खाडीपलीकडे:
मास्तर, ‘पुण्यवान’ तर अगदी उलट्या टोकाला जातं. पुण्य आपण गाठीला बांधतो, पदरी पाडून घेतो, पूर्वजांची पुण्याई खर्चतो. मराठीत पुण्य म्हणजे कमाई. इथे तर कमाई नाही हाच सगळा मुद्दा आहे. ‘नीतिमान’ला वेगळा अर्थ चिकटलाय हे कबूल, पण तो वाक्याच्या साथीने सुधारता येतो. ‘पुण्यवान’चा अर्थ तसा सुधारणार नाही.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी:
मग वाक्य तरी मराठी वळणाचं करा. ‘विश्वासाच्या द्वारे’ कोण बोलतं? ‘विश्वासाने’ म्हणा.

वसईचा_वाडवळ:
तिथे ‘द्वारे’ हवंच. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात २:८ मध्ये ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे’ आहे. पाणी कृपेचं, विश्वास म्हणजे ते वाहून आणणारा पाट. दोन्हीकडे ‘ने’ लावलात की कृपा आणि विश्वास भागीदार होतात. आणि तिथला ‘च’ पाहा. ग्रीकमध्ये त्या जागी ‘केवळ’ अशा अर्थाचा शब्द नाही. ल्यूथरने १५२२च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ घातला, म्हणून केवढा गदारोळ झाला! १५३०मध्ये त्याने उत्तर दिलं की घरातल्या आईला, बाजारातल्या माणसाला विचारा, जर्मन बोली अशीच चालते. मराठीत ते काम एक ‘च’ गुपचूप करतो. उलट ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द जिथे खरोखर एकत्र येतात त्या याकोबाच्या पत्रात, २:२४ला, ते नकारार्थी आहेत: ‘केवळ विश्वासाने नव्हे’.

खाडीपलीकडे:
याकोब वेगळ्या प्रश्नाला उत्तर देतो आहे. निष्क्रिय विश्वास हा विश्वासच नव्हे, एवढंच त्याचं म्हणणं. त्यावर वेगळा धागा काढू या.

वेंगुर्ल्याची_लेक:
काल रात्री आत्याची एक गोष्ट आठवली. ती रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि कृपा समजावताना रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, उदाहरण द्यायची. रापण ओढायला जो दोरीला हात लावेल त्याला मासे मिळतात. ती चार-पाच वर्षांची होती, दोरी धरायचंही वय नव्हतं, नुसती वाळूत उभी होती. एका म्हाताऱ्या रापणकाराने तिच्या परकरात मूठभर तारली टाकली. घरी आजीने विचारलं, ‘कसले गे हे?’ ती म्हणाली, ‘अशेच दिल्यानी.’ रोमकरांस ३:२४ मध्ये ‘विनामूल्य’ आहे, पण तो मला दवाखान्याच्या पाटीवरचा शब्द वाटतो. आत्या तिथे मुलांना ‘अशेच’ म्हणून शिकवायची.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी:
हे फार सुंदर आहे. पत्रिकेत हेच छापा. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, ती शब्द घरचे असावेत म्हणूनच. एक विनंती, ‘नीतिमत्त्व’ कुठे आलं तर दोन त लिहा. नीतिमत् अधिक त्व. चर्चच्या फलकांवर एकाच त चा शब्द पाहून जीव कळवळतो.

मालवणची_मावशी:
शुद्धलेखनापेक्षा ‘तारण’ (पापातून सुटका) हा शब्द सांभाळा. ‘आत्याचे तारण झाले’ असं आमच्या पतपेढीतल्या माणसाने वाचलं तर त्याला सोनेतारणच आठवेल. गहाण ठेवलेलं आणि सोडवलेलं, दोन्हींना एकच शब्द कसा, हे मला आजवर कळलेलं नाही.

वसईचा_वाडवळ:
दोन्ही ‘तारणे’वरूनच आले असावेत. सावकाराचे पैसे तारून नेणारी वस्तू ती तारण.

मालवणची_मावशी:
असेल. माझं माहेर गोव्याच्या हद्दीला लागून. आजी कोकणीत प्रार्थना करायची, ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’. कृपेला कुर्पा, आणि विश्वासाला भावार्थ. भावार्थी म्हणजे श्रद्धावंत माणसं.

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी:
विश्वासाला भावार्थ? ज्ञानेश्वरीचं नाव भावार्थदीपिका, पण तिथे तो ‘आशय’ या अर्थाने. भाव म्हणजे श्रद्धा इथपर्यंत समजतं, देव भावाचा भुकेला. पण मग ‘अर्थ’ कुठून चिकटला? सावंतवाडीकडचं कुणी आहे का इथे? तिथल्या घरांत हा शब्द कसा बोलतात?