जर्मनीला पाठवलेलं पार्सल परत आलं, कस्टम्सची माहिती ऑनलाइन कशी भरायची?

सुभाषनगरची_लेक (कोल्हापूर)
आमच्यात आजोबांपासून चपला होतात. मी आता इन्स्टावर फोटो टाकून विकते. म्युनिकच्या एका ताईंनी कापशी चपलांचे दोन जोड मागवले, ६,४०० रुपयांचे. नुसती चामड्याची वेणी घालायला बाबांना चार दिवस लागले. पार्सल पाठवलं आणि पाच आठवड्यांनी जसंच्या तसं परत आलं. बॉक्स उघडताना बाबा काहीच बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. पाठवताना मला सांगितलं गेलं, "गिफ्ट आयटम लिहा, पटकन जातं." मी तेच लिहिलं, एचएस कोडचा (मालाचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा आकडा) रकाना मोकळा सोडला. एजंट परवडत नाही. स्वतः भरता येतं का?

कागदवाला_पनवेल
येतं की, ताई. मी अकरा वर्षं न्हावा शेवाला क्लिअरिंगचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉक्सवर चिकटवलेल्या सीएन २३ वर, म्हणजे कस्टम्सच्या कागदी फॉर्मवर, आता सगळं अवलंबून नाही. त्यातली माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून तिकडे पोचावी लागते. युरोपियन युनियनने १५ मार्च २०२१ पासून पोस्टाच्या पार्सलांसाठी ती विमानात माल चढण्याआधीच मागायला सुरुवात केली. तिथल्या माणसापुढे बाबांची वेणी नसते, तुमची एक ओळ असते. 'गिफ्ट'वरून आत काय आहे ते कळत नाही. आणि विकलेला माल भेट म्हणून दाखवणं खोटंच आहे, ते पुन्हा करू नका.

कोड ६४०३२०. चामड्याचा तळ, पायावरून चामड्याचा पट्टा आणि अंगठ्याभोवती पट्टा, अशीच त्याची व्याख्या आहे. हे सहा आकडे जगभर सारखे. वर्णन इंग्रजीत, 'हँडमेड लेदर चप्पल' इतकं स्पष्ट. किंमत बिलावरचीच.

आधी डीजीएफटीच्या (केंद्र सरकारचं परदेश व्यापाराचं खातं) साइटवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढा, फी ५०० रुपये, नंबर म्हणजे तुमचा पॅनच. मग पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर ई-पीबीई, म्हणजे पोस्टाने निर्यातीचं कस्टम्सचं बिल, भरा. पूर्वी त्याचा कागद घेऊन विदेश डाकघर गाठावं लागायचं. डिसेंबर २०२२ च्या नियमांपासून घरून भरून पार्सल जवळच्या केंद्रावर देता येतं. कस्टम्सने शंका काढली तर उत्तरही ऑनलाइनच द्यायचं, म्हणून पोर्टल रोज बघत जा.

चादर_सोलापूर
दादांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त दोन गोष्टी. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये उघडून पुन्हा नक्की करावी लागते, काही बदललं नसलं तरी. माझं ते राहिलं, नंबर बंद पडला आणि ऐन दिवाळीत माल अडकला. दुसरं, जर्मनीत आयातीवर १९ टक्के व्हॅट लागतो. तो गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर दारात आलेलं पार्सल नाकारतात.

सुभाषनगरची_लेक
आयईसीचा अर्ज आज भरला. कोडची व्याख्या बाबांना वाचून दाखवली, तर म्हणाले, "अंगठा धरलाय की त्यांनी!" म्युनिकच्या ताई अजून थांबल्यात. दादा, दोन जोड दोन ओळींत लिहू की एकाच?

कागदवाला_पनवेल
एकाच प्रकारचे आणि एकाच किमतीचे असतील तर एक ओळ. संख्या दोन जोड, निव्वळ वजन दोन्हींचं मिळून. बॉक्सचं वजन त्यात धरू नका.