सोसायटीच्या रनिंग ग्रुपसाठी स्ट्राव्हा (रन नोंदवायचं अ‍ॅप) वर क्लब ठेवावा का? सल्ला हवा

पामबीच_पहाटे (नेरुळ): वीसेक जण, बहुतेक ५ ते १० किमीवाले. क्लब काढल्यावर पहिला महिना जोरात गेला. आता मागचे सात-आठ जण रन टाकतच नाहीत, पुढचे रोज जीव खाऊन पळतात. क्लब बंद करावा का?

येऊर_चढ (ठाणे): बंद नको. क्लबचा लीडरबोर्ड (क्रमवारी) आठवड्याच्या किमीवर चालतो, सोमवारी कोरा होतो. आठवड्याला १५ किमीवाला दर वेळी ६० वाल्याच्या खालीच दिसणार, मग कशाला टाकेल? ग्रुप चॅलेंजमध्ये ‘ग्रुप गोल’ घ्या. त्यात सगळ्यांची बेरीज होते. २० जणांना आठवड्याला ३०० किमी ठेवा, म्हणजे कुणाचे ३ किमीही कामाला येतात.

आणि पुढच्यांना बघून मागचे पेटतात, हा समज सोडा. २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये सुमारे ११ लाख धावपटूंच्या ५ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास आला होता. मित्र १ किमी जास्त धावले तर माणूस सरासरी ३०० मीटर जास्त धावतो. पण कमी पळणाऱ्यांमुळे जास्त पळणारे चेकाळतात, उलटं होत नाही. तुमच्याकडे नेमकं तेच चाललंय! मागच्यांना त्यांच्याच पेसच्या (एका किमीला लागणारी मिनिटं) जोड्या लावून द्या.

खारघर_टेकडी: पुढच्यांचं दुखणं वेगळं. पेस सगळ्यांना दिसतो, म्हणून इझी रनचा (आरामात पळायचा) टेम्पो (जोरात पळणं) होतो. १० किमी ६० मिनिटांत करणाऱ्याचा इझी पेस ७ ते ७:३० असायला हवा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रोज ६:१५ ने ओढलं की पोटऱ्या आणि नडग्या धरणारच. ऑक्टोबरच्या दमटपणात तर आणखी हळू. अ‍ॅक्टिव्हिटी एडिट करून पेस लपवता येतो, तो इझीच्या दिवशी लपवा.

सेगमेंटच्या (रस्त्याचा ठरलेला तुकडा, त्यावर कोण वेगात याची यादी लागते) नादी पाम बीच रोडवर तर लागूच नका. ऑटो-पॉज (उभं राहिलं की नोंद आपोआप थांबणं) लावला तरी सेगमेंटचं घड्याळ थांबत नाही, सिग्नलला उभं राहिलेला वेळ धरला जातो. मग लोक लाल सिग्नल तोडून पळतात. तिथल्या गाड्यांचा वेग माहीतच आहे.

पामबीच_पहाटे: पटलं. बायका पहाटे ५ ला निघतात, त्यांना नकाशा दाखवायचा नाहीये.

येऊर_चढ: प्रायव्हसी कंट्रोल्समध्ये ‘मॅप व्हिजिबिलिटी’ उघडून सुरुवात-शेवट झाका. निघण्याची वेळही लपवता येते. रन ‘फॉलोअर्स’पुरता ठेवा. ‘ओन्ली यू’ केलात तर तो ग्रुपला दिसणारच नाही, कुडोजही (लाईक) नाहीत.