सीपॅप, घोरणं आणि रात्रीचा ऑक्सिजन : आपापले अनुभव लिहूया

माझ्या मावसभावाने गेल्या महिन्यात त्याचं सीपॅप मशीन विकायला काढलं. झोपेत घसा मिटून श्वास थांबत राहतो त्या आजारात (स्लीप ॲप्निया) रात्रभर मास्कमधून दाबाने हवा देतं, ते हे मशीन. अकरा महिन्यांत नऊ रात्री वापरलेलं. "ताई, गुदमरायला होतं गं, नाही जमत," एवढंच म्हणाला. मी सात वर्षं रोज मशीन लावून झोपते. मला ठाम वाटतं की मशीन सोडणाऱ्यांतले बरेच जण मास्क नीट न बसल्यामुळे आणि पहिल्या महिन्यात विचारायला कुणी नसल्यामुळे सोडतात. म्हणून हा धागा. काय घेतलं, कुठे अडलं, कशाने जमलं, ते सविस्तर लिहा. दवाखान्यांची आणि दुकानांची नावं नकोत.

सुरुवात मीच करते.

पुणे, वय ५८

मी घोरते हे मला ठाऊकच नव्हतं, कारण खोलीत एकटीच झोपायचे. त्रास होता तो रात्री चार-चार वेळा लघवीला उठण्याचा, सकाळच्या डोकेदुखीचा आणि दुपारी ऑफिसात डोळे मिटण्याचा. साखर तपासली, थायरॉइड तपासलं, 'पाळी जातानाचं असतं' म्हणून दोन वर्षं गेली. दिवाळीला आलेल्या मुलीने रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. घोरणं, मग एकदम शांतता, मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तशी धाप. ते ऐकून माझेच हातपाय गार पडले.

स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास रात्रभर मोजणाऱ्या तपासणीत, ताशी ३४ आकडा आला. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला, किंवा बराच कमी झाला, की ती एक वेळ धरतात. ताशी ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. लघवीचं कोडं डॉक्टरांनी सोडवलं. घसा मिटलेला असताना छाती श्वास ओढायला धडपडते, हृदयावर ताण येतो, हृदय एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. मशीन सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यापासून मी रात्री एकदा उठू लागले. बायांनो, नुसता थकवा म्हणून अंगावर काढू नका.

सोलापूर, ट्रकमालक, वय ४९

टेंभुर्णीच्या पुढे डोळा लागला. चाक साइडपट्टीवर उतरलं, त्या खडखडाटाने जाग आली. क्लीनर शेजारी झोपलेला होता. त्या दिवशी गाडी ढाब्यावर उभी केली आणि दुसऱ्याला बोलावलं. नंतर डॉक्टरांकडे.

मशीन आलं त्याबरोबर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला. माझी मिशी दाट. मिशीतून हवा सुटायची आणि सरळ डोळ्यात जायची. सांगायला गेलो तर दुकानातल्या पोराने पट्टे आवळून दिले. चार दिवसांत नाकाच्या हाडावर जखम. महिनाभर मशीन बंद. मग दवाखान्यातल्या तंत्रज्ञ बाईंनी मला पलंगावर आडवं करून, मशीन चालू ठेवून मास्क बसवायला शिकवलं. बसून लावलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो, कारण गाल बदलतात. दाब चालू असताना मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचलायचा आणि हलकेच सोडायचा, म्हणजे कडेची रबरी गादी फुगून बसते. पट्टा आणि गाल यांत एक बोट जायला हवं. रबराला चेहऱ्याचं तेल लागलं की ते घसरतं, म्हणून रोज सकाळी साध्या साबणाने धुतो. शेवटी नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क घेतला आणि मिशी वरून जराशी कापली.

दुसरी गोष्ट दाबाची. सुरुवातीचा दाब ४ होता, त्यात मला हवाच पुरेना. मी समजत होतो दाब जास्त आहे म्हणून गुदमरतं. डॉक्टरांनी कमीत कमी दाब ७ केला आणि त्याच रात्री सहा तास झोपलो. गुदमरतं म्हणणाऱ्यांनी हे नक्की विचारा. स्वतः बटणं फिरवू नका, रिपोर्ट दाखवा.

नागपूर, वडिलांसाठी लिहितोय

कोविडात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर घरात होता. बाबांना रात्री दोनला उठवून लावला, ९६. तीन रात्री तसंच. आम्ही निर्धास्त झालो. माणूस जागा केला की नीट श्वास घेतोच, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मग रात्रभर नोंद ठेवणारा, अंगठीसारखा ऑक्सिमीटर आणला. तो दर चार सेकंदांनी आकडा साठवतो. सकाळी आलेख उघडला तर करवतीचे दाते. ९५ वरून हळूहळू ८२, मग झटकन वर, परत खाली. ९० च्या खाली एकूण १ तास ५० मिनिटं. सलग तीन रात्री लावला, शेजारी वही ठेवली : किती वाजता झोपले, कधी उठले, कधी अंगठी काढली. ती वही डॉक्टरांना आलेखाइतकीच उपयोगी पडली. तरी त्यांनी स्लीप स्टडी करायलाच लावली. ऑक्सिमीटर श्वास मोजत नाही, त्याचा परिणाम मोजतो. आलेख सरळ आला म्हणून आजार नाही असंही धरू नका. काहींचा श्वास अडतो, झोप तुटते, पण ऑक्सिजन फार उतरत नाही. घेताना एकच पाहा : तो रात्रभराची नोंद साठवून नंतर दाखवतो का. नुसता चालू आकडा दाखवणारा या कामाचा नाही.

नागपूरच्या दादांना पुरवणी, नाशिकहून

मी परिचारिका आहे. नेलपेंट, गडद मेंदी आणि गार पडलेली बोटं यांनी आकडा फसतो. पायाच्या बोटाला अंगठी चढवू नका, सैल बसते. आलेखात आकडा एका क्षणात ९५ वरून ६५ ला आला आणि पुढच्याच क्षणी परत ९५, नाडीही वेडीवाकडी, तर बहुधा बोट हललं. खरा उतार सावकाश असतो, चढ जलद.

कोल्हापूर

आईचं वजन १०४ किलो. कोविडनंतर घरात ऑक्सिजनचं काँसन्ट्रेटर पडून होतं. ऑक्सिमीटरवर रात्री ८४ दिसलं आणि मी ते लावून दिलं. आकडा ९४ झाला, मला वाटलं जिंकलो. पाचव्या दिवशी सकाळी आई नीट जागीच होईना, बोलणं बरळल्यासारखं. दवाखान्यात रक्ताची तपासणी केली तर कार्बन डायऑक्साइड साठलेला. ऑक्सिजनने आकडा सुधारला, पण मिटलेला घसा उघडला नाही आणि श्वास उथळच राहिला. तिला बायपॅप लागलं, ज्यात श्वास घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी असतो. आज ती बरी आहे, भाजी निवडता निवडता मला हे लिहायला तीच सांगतेय. ज्यांच्या घरी काँसन्ट्रेटर आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्री लावू नये, ही हात जोडून विनंती.

रत्नागिरीजवळचं गाव

आमच्याकडे पावसात वीज जातेच. इन्व्हर्टरवर चालतं, पण पाणी तापवणारं ह्युमिडिफायर बंद ठेवावं लागतं, बॅटरी तेच खातं. पावसाळ्यात हवा इतकी दमट की त्याची गरजही पडत नाही. हिवाळ्यात मात्र ते लावलं की नळीत पाणी साचून नाकाशी गुळगुळ वाजतं. मशीन उशीच्या पातळीच्या खाली ठेवलं, नळीला जुन्या सुती साडीचं आवरण शिवलं, थांबलं. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालतो. विहिरीचं घातलं होतं तेव्हा तळाला पांढरा थर धरला.

एडिसन, न्यू जर्सी

इथे विमा कंपनी मशीनच्या मोडेममधून वापर बघते. माझ्या योजनेत ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान चार तास, नाही तर पैसे अडतात. सुरुवातीला राग आला, पण त्या चार तासांच्या नियमाने मला सवय लागली. दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचे, नाकाला ओळख व्हायला. नंतर जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आवाज दाबणारा फोम झिजतो म्हणून लाखो मशीनं परत मागवली, त्यात माझंही होतं. तेव्हापासून भारतात कुणी जुनं मशीन स्वस्तात घेतंय म्हटलं की मी पहिल्यांदा मॉडेल आणि वर्ष विचारते. ओझोनने मशीन स्वच्छ करणाऱ्या पेट्याही घेऊ नका, त्यानेही फोम खराब होतो.

ठाणे

स्लीप स्टडीत माझा आकडा ताशी ९, तोही पाठीवर झोपल्यावरच. मशीन नाही. टी-शर्टाच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू. सहा किलो वजन उतरवलं. सहा महिन्यांनी परत तपासणी करून खात्री केली. सगळ्यांना हे पुरणार नाही.

ठाण्यातूनच, एक प्रश्न

रेल्वेने जाताना काय करता?

सोलापूरचं उत्तर

रात्री अकरानंतर डब्यातले प्लग बरेचदा बंद असतात. मी छोटी बॅटरी नेतो, ह्युमिडिफायर घरी ठेवतो. ऑपरेशन असेल तर मशीन दवाखान्यात न्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा.

जळगाव, यजमानांसाठी

ह्यांचं मशीन आलं आणि झोप माझी उडाली. तीस वर्षांचा तो आवाज थांबला. मी मध्यरात्री उठून ह्यांच्या छातीवर तळहात ठेवायचे. नळीतून बारीक सूं आवाज, छाती वर-खाली. चौथ्या रात्री ह्यांनी मास्क न काढता माझा हात धरला आणि तसाच ठेवून दिला.

पुणे, परत मी

मावसभावाला सोलापूरच्या दादांचं सगळं वाचून दाखवलं. शनिवारी मशीन घेऊन माझ्याकडे आला. आडवं करून मास्क लावला तर मोठा निघाला, हनुवटीशी बोट आत जात होतं. मधल्या मापाऐवजी लहान माप मागवलं. मशीनमधल्या कार्डावरचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला, त्यांनी सुरुवातीचा दाब वाढवला. विकायची जाहिरात काढलीय. कालचा वापर : ५ तास १२ मिनिटं. पोटात हवा जाते म्हणतोय, सकाळी ढेकर येतात. त्यावर कुणाला काही लागू पडलं असेल तर खाली लिहा.