कल्हई हा निव्वळ भौतिक बदल नाही

काही जण म्हणतात की कल्हईत, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर देताना, कथील फक्त वितळतं आणि पुन्हा गोठतं, म्हणून तो भौतिक बदलच. वितळण्यापुरतं ते बरोबर आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, पितळ मात्र ९०० अंशांच्या पुढे. त्यामुळे भांडं शाबूत राहून कथील त्यावर पसरवता येतं. पण तापलेल्या भांड्यावर टाकतात तो नवसागर विसरून कसं चालेल? तो नसेल तर कथील भांड्याला धरतच नाही, थेंब होऊन घरंगळतं.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरच्या ऑक्साइडच्या थराशी अभिक्रिया करून धातू उघडा करतो. दोन्ही वायू वर थंड हवेत पुन्हा एकत्र येतात, कल्हईवाल्याच्या भट्टीवर दिसणारा पांढरा धूर तो हाच. शिवाय कथील आणि तांब्याच्या सीमेवर दोन्ही धातूंचं एक पातळ संयुग तयार होतं, कल्हई घट्ट बसते ती त्यामुळेच. रसायनशास्त्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आणि हो, कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नका. २३२ अंश सहज गाठले जातात.