अनुभव धागा : स्वतःला बोल लावणं थांबलं तेव्हा

मध्यंतरी दूध उतू गेलं आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "मूर्ख आहेस!" घरात दुसरं कुणीच नव्हतं. जुनं काही आठवलं की मी स्वतःशी याच आवाजात बोलते, हे तेव्हा लक्षात आलं. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ पासून 'स्व-करुणा' हा विषय लावून धरलाय. त्यांचा साधा प्रश्न असा: हेच जिवलग मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं, तर तिला काय म्हणाला असतात? मला उत्तर द्यायला दोन आठवडे लागले. दुखऱ्या आठवणीशी तुमचं कसं जुळलं, किंवा नाही जुळलं, ते लिहा. सल्ले मात्र नकोत.

*

मी किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, भूकंपाची रात्र. गणपती बोळवून दमून झोपलो होतो. भिंतीकडची जागा माझी, पण तिथे उकडतं म्हणून बारक्या बहिणीला तिकडे ढकललं आणि मी दाराशी झोपलो. चार वाजायच्या आत दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद, सगळं खाली आलं. मला काढलं. ती राहिली.

तेव्हा मी अकरा वर्षांचा. पुढे कुणी विचारलं की एकुलता एक सांगायचो. आईनं जागेचा विषय कधी काढला नाही, त्यामुळे तिला ठाऊक आहे की नाही याचीच धास्ती.

माझा मुलगा अकराचा झाला, तेव्हा एकदा बूट पुढे करून म्हणाला, "बाबा, गाठ सुटेना." नाडी सोडता सोडता मला रडू फुटलं. एवढासाच होतो की मी! वर्षानुवर्षं थर चढवलेलं ते जड माळवद माझ्यामुळे पडलं नव्हतं. हे शाळेत भूगोलाच्या तासालाही कळलं होतं, उपयोग झाला नव्हता.

यंदा आईला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तिला भिंतीकडंच आवडायचं रे." खरं, की माझ्यासाठी, ते विचारलं नाही.

*

एप्रिल २०२१. बाबा कोविड वॉर्डात, आत कुणाला सोडत नव्हते. चार रात्री जागून पाचव्या रात्री माझा डोळा लागला, फोन सायलेंटवर. सकाळी बाबांचे तीन मिस्ड कॉल. मग बोलणं झालंच नाही. ती यादी बघायला मी तो जुना फोन अजून चार्ज करते. समुपदेशक बाईंनी बाबांच्या वतीने मलाच पत्र लिहायला लावलं. लिहिलं, "झोप लागली ना? बरं झालं. जेवलीस का?" पुढे सुचलं नाही, पण बाबाही एवढंच बोलायचे. यादी बघणं कमी झालंय.

*

वरच्या दोघांची चूक नव्हती. माझी होती. सासूबाईंना स्मृतिभ्रंश. दूधवाला आला का, हे दिवसातून वीसदा विचारायच्या. एकदा मी त्यांच्या हातावर फटका मारला. त्या पाच मिनिटांत विसरल्या. स्वतःला माफ करा वगैरे मला पटत नाही. पण 'मी राक्षसीण' म्हणायचं सोडलंय. 'त्या दिवशी मी मारलं' एवढंच म्हणते. तेव्हापासून शेजारच्या काकूंकडे जाता येतं. काकांना तोच आजार. दुपारी मी त्यांच्यापाशी बसते, काकू झोपतात. काल काकांनी अकरा वेळा विचारलं, बस किती वाजता? साडेपाचला, काका. दहाव्यांदा आवाज जरा चढलाच.