मराठवाड्यात मोटारींशिवाय सायकल सफर खरोखर अशक्य आहे का?

गंगाकाठ
दोन दिवसांपूर्वी येथे एका सदस्याने फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘व्हेलोदिसे’ या सायकलमार्गाचे सुरेख वर्णन लिहिले होते. रोस्कॉफपासून स्पेनच्या सीमेवरील अंदायपर्यंत सुमारे १२०० किलोमीटर, एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला लांदचे पाइनचे जंगल आणि वाटेचा बराच भाग मोटारींपासून मोकळा. वर्णन वाचून आनंद झाला, पण शेवट खटकला. मराठवाड्यात समुद्र नाही, जंगल नाही आणि सायकलस्वाराला किंमतही नाही, तेव्हा हौस असेल त्याने सायकल खोक्यात भरून विमानतळ गाठावा, असा सल्ला त्यांनी दिला आहे. त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

ज्या वाटेचे ते गोडवे गातात, ती ब्रिटनी प्रांतात मोठे अंतर नांत-ब्रेस्त कालव्याच्या काठाने जाते. तो काठ सायकलींसाठी बांधलेला नव्हता, नावा ओढण्यासाठी बांधलेला होता. लांदचे जंगलही आदिम नाही. १८५७ च्या कायद्यानंतर तिथल्या दलदलीच्या, रेताड माळावर ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. म्हणजे त्यांच्याकडे जे आहे ते जुने कालवे आणि लावलेली झाडे यांतून उभे राहिले आहे. कालवे आपल्याकडे नाहीत काय? गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे आणि उजवा १३२ किलोमीटरचा. पैठणहून निघालेला उजवा कालवा थेट माजलगावच्या जलाशयापर्यंत जातो आणि त्याच्या भरावावरून पहाटे सायकल चालवताना तासन् तास मोटार दिसत नाही. हिवाळ्यात धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या उथळ काठावर चक्रवाक आणि पट्टकादंब हे पाहुणे पक्षी उतरलेले असतात. समुद्र नसेल, पण पैलतीर दिसत नाही एवढे पाणी आहे.

चाकावरची वाट
ज्यांच्या लेखावर हे उत्तर आले आहे तो सदस्य मीच. नकाशावरचे २०८ किलोमीटर आणि चाकाखालचे २०८ किलोमीटर यांत फार अंतर असते. कालव्याचा सेवारस्ता जागोजागी खचला आहे आणि एखादा ओढा आडवा आला की वाट सोडून गावात शिरावे लागते. सराट्यांविषयी तर आपण एक शब्द लिहिला नाही. मुरमात पडलेला सराटा दिसत नाही, रुततानाही कळत नाही, आणि थोडे पुढे गेल्यावर मागचे चाक रिमवर बसते. वेड्या बाभळीचा काटा असेल तर टायर, ट्यूब आणि टेप असे सगळे भेदून जातो. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसावर असतो. ब्रिटनीत कालव्याची दारे सांभाळणाऱ्या लॉककीपरांच्या जुन्या घरांपैकी काहींत आता चहापाणी मिळते. येथे पैठण सोडल्यावर पाणी कोण देणार?

गेवराईचा शेतकरी
पाणी आम्ही देतो, दादा. आजवर आमच्या शेतातल्या आखाड्यावरून कोणी तहानलेला गेलेला नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. तो सेवारस्ता पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी आहे आणि आमच्या बैलगाड्या, खताच्या गोण्या व दुधाचे कॅन त्याच वाटेने जातात, कारण शेताकडची पांदण पावसाळ्यात बंद असते. उद्या आपण त्याला ‘सायकलमार्ग’ म्हणाल, मोटारी रोखण्यासाठी लोखंडी खांब रोवाल आणि आमचा ट्रॅक्टर शेताबाहेर अडकेल. शहरातून येणाऱ्याची निवांत सकाळ आमच्या वहिवाटीवर बेतू नये, एवढेच म्हणणे आहे.

माजलगावची शिक्षिका
सायकलस्वाराला किंमत नाही, हे विधान करताना लेखकाने कोणाला सायकलस्वार मानले आहे? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली आमच्या भागात रोज धावतात. त्यांच्या वाटेवरून मोटारी दूर ठेवता आल्या तर पर्यटकांची सोय आपोआप होईल. आमच्या मुलींचा खरा शत्रू उन्हाळाही नाही आणि सराटेही नाहीत. हवा थंड होते त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे लाल दिवा नाही, कानठळ्या बसवणारी गाणी, अशी रांग लागते. माझ्या वर्गातली एक मुलगी संध्याकाळी उभ्या ट्रॉलीवर धडकली. तिचा हात वाचला, पण तिची सायकल घरच्यांनी पुन्हा बाहेर काढली नाही.

तोडणीवाल्याचा मुलगा
ताई, त्या मुलीचे वाईट वाटले. पण ट्रॉली चालवणारा शत्रू कसा झाला? माझे वडील उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन हंगामभर उसाच्या फडावर राबले आहेत. ट्रॅक्टरवाल्याला टनावर पैसे मिळतात, म्हणून तो दोन ट्रॉल्या जोडतो. परावर्तक पट्ट्या कोणी लावायच्या, हे कारखान्याने ठरवायचे असते. थंडीत सायकल चालवायची हौस ज्यांना आहे, त्यांनी आमच्या पोटावर का यावे?

माजलगावची शिक्षिका
पोटावर येण्याचा प्रश्नच नाही आणि असा आरोप मी सहन करणार नाही. ज्या मुलींच्या सायकलींविषयी मी लिहिते आहे, त्यांपैकी अनेकींचे आईवडील त्याच फडांवर असतात. मुलगी आजीजवळ राहून शाळेत येते. मागच्या ट्रॉलीला लाल कापडही नसणे हा गरिबीचा नव्हे, बेफिकिरीचा भाग आहे. पट्ट्या लावल्याशिवाय काट्यावर वजन करू नये, असा दंडक कारखान्याने घातला तर एका हंगामात फरक दिसेल.

तोडणीवाल्याचा मुलगा
कारखान्यावर दंडक घाला, हे मला मान्य आहे. आपल्या पहिल्या उत्तरात तसे नव्हते.

कन्नडकर
जंगल नाही, या विधानाकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले. कन्नडजवळचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ पासून आहे. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ तेथे कॅमेऱ्यात दिसला. ज्या रानात वाघ येऊन राहतो, ते लेखकाला जंगल वाटत नसेल तर काय बोलावे? औट्रम घाटातून जड वाहनांना २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बंदी घातली. ट्रकांच्या धुरात चढलेल्या माणसालाच त्या बंदीची किंमत कळेल.

चाकावरची वाट
घाटात लहान मोटारी आजही भरधाव असतात, आणि वाघ आहे तिथे मी पहाटे एकटा सायकल नेणार नाही. वन खात्यानेही नेऊ देऊ नये. जंगल आहे हे मान्य, पण ते सायकलसफरीचे जंगल नव्हे.

येडशीकर
मग आमच्या येडशीजवळच्या रामलिंगचे पाहा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रुळांचे रुंदीकरण करताना मार्ग धाराशिव शहरावरून वळवला गेला आणि रामलिंगच्या घाटातली जुनी वाट सुटली. रेल्वेची वाट असल्याने चढ अंगावर येत नाही; वाफेच्या इंजिनाला झेपला तो चढ भरलेल्या पिशव्यांच्या सायकलला सहज झेपतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टोची गाडी १९६७ मध्ये बंद पडली आणि त्याच मार्गावर आता खाडीकाठाने व पुढे रानातून सायकली जातात. येडशीच्या अभयारण्यात मोर आहेत, महादेवाचे देऊळ आहे, श्रावणात धबधबा आहे. जुने पूल तपासून घ्यावे लागतील, वन खात्याची परवानगी लागेल आणि श्रावणी सोमवारी यात्रेकरूंना वाट मोकळी ठेवावी लागेल.

चाकावरची वाट
ही एकच सूचना मला विचार करण्यासारखी वाटते. अंतर मात्र थोडे आहे. त्याला सफर म्हणता येणार नाही.

गंगाकाठ
आपला फ्रान्सचा पूर्ण मार्ग तरी एका वर्षात झाला का? तुकडे जोडतच तो वाढला. गेवराईच्या भाऊंचा मुद्दा मी स्वीकारतो: खांब नकोत, फाटक नको, बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांना पहिला मान. मोटारी आजही तेथे येत नाहीत, त्या अडवायचे कारणच नाही. खचलेल्या ठिकाणी मुरूम आणि ओढ्यांवर पायपूल एवढेच मागू.

गेवराईचा शेतकरी
मुरूम पडणार असेल तर तो आम्हालाही हवा आहे. अर्ज लिहा, सही करतो. मात्र रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडण्याचे आवर्तन सुरू असताना पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला विचारल्याशिवाय भरावावर येऊ नका. त्या दिवसांत पाण्याची चारी फुटली तर रात्रभर आम्ही तिथेच असतो आणि वाटेत सायकली नकोत.